शंभर टक्क्यांची शाळा

त्या शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे 'म्हणजेबाई' म्हणायची. कोणी उत्तर दिलं, अगदी बरोबर दिलं, तरी बाई खडू हातात तसाच धरून विचारायच्या, "म्हणजे?" मग त्या पोराला आपलं उत्तर उलगडून सांगावं लागायचं, आणि सांगता सांगता पुष्कळदा त्याला स्वतःलाच कळायचं की आपल्याला काही कळलेलं नव्हतं. हे नाव बाईंच्या कानावर होतं. एकदा कोणीतरी ते फळ्यावर लिहून ठेवलं, तर बाईंनी नुसतं पाहिलं आणि "हा एकच शब्द आहे, जोडून लिहीत जा," असं म्हणून पुसून टाकलं.

शाळा ख्रिस्ती मंडळीची होती. सकाळी पटांगणात प्रार्थना व्हायची, एखादं वचन वाचलं जायचं, आणि मग तास. विश्वस्तांचा कित्येक वर्षांचा आग्रह असा, की कुठलाही विषय असो, तो पवित्र शास्त्राच्या नजरेतून शिकवला जावा. आता आग्रह धरणं सोपं, पण भूमितीत शास्त्र आणायचं कुठून? बहुतेक शिक्षक धड्याच्या शेवटी एक वचन चिकटवून मोकळे व्हायचे, पाकिटावर तिकीट चिकटवावं तसं. एका सरांनी तर त्रिकोणाला तीन बाजू असतात म्हणून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं त्रैक्य समजावलं होतं. मागच्या बाकावरून "सर, मग चौकोन?" असा प्रश्न आला, तेव्हा सरांनी त्या पोराला वर्गाबाहेर काढलं. बाई ही गोष्ट घरी सांगत, तेव्हा त्यांचे यजमान दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसत.

बाईंची रीत वेगळी होती. त्या सरासरी शिकवायला लागल्या की विचारायच्या, "या वर्गाची सरासरी उंची आपण काढली. आता त्या उंचीचा दरवाजा केला, तर डोकं कोणाचं आपटेल?" मुलं हसून सगळ्यांत उंच पोराकडे बघायची. त्याला सगळे लांबू म्हणत. मग बाई म्हणायच्या, "माप चुकीचं नव्हतं. पण माप घेणाऱ्याने एका माणसाचा विचार केला नाही. देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा केला असं आपण सकाळी म्हणतो ना? मग दुपारी गणिताच्या तासाला ते कुठे जातं?"

आणि टक्केवारीला तर त्यांचा ठरलेलाच धडा होता, मेंढपाळाचा. "शंभरातली नव्याण्णव मेंढरं घरी आली. किती टक्के निकाल?" मुलं ओरडायची, "नव्याण्णव!" "उत्तम निकाल आहे की नाही? कुठल्याही शाळेने पेढे वाटले असते. मग तो माणूस हरवलेल्या एका मेंढरासाठी अंधारात का निघाला?" इथे वर्ग गप्प व्हायचा. बाई त्या गप्प बसण्याला हात लावायच्या नाहीत. उत्तर मुलांनी शोधायचं, आणि फळ्यावर नाही तर आपल्या आजूबाजूला शोधायचं, हा त्यांचा नियम.

हा मेंढपाळाचा धडा त्यांनी एकटीने रचला नव्हता. तो रचला होता आक्काबरोबर.

आक्का म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. सगळी शाळा त्यांना मॅडम म्हणायची. आक्का म्हणणाऱ्या एकट्या बाईच. दोघी शिक्षक होण्याचं शिक्षण घेत होत्या तेव्हा वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहिल्या, एकच छत्री वापरली, एकमेकींचे सराव-पाठ मागच्या बाकावर बसून ऐकले. एकदा गच्चीवर कपडे वाळत घालता घालता आक्का म्हणाली होती, "अगं, ते मेंढरू टक्केवारीत बसव ना." बाईंनी ओली चादर तशीच टाकून कागद शोधला होता. पुढे दोघी याच शाळेत लागल्या. आक्का भाषा शिकवायची, आणि शिकवायची ते ऐकत राहावं असं. ती मुख्याध्यापिका झाली तेव्हा बाईंना स्वतःला बढती मिळाल्यासारखं वाटलं.

खुर्ची मिळाली तरी दुपारचा चहा दोघी एकत्रच घ्यायच्या, आक्काच्या खोलीत, दार लोटून. वर्षाच्या सुरुवातीला, नववी नवीन हातात आली की आक्का विचारायची, "काय गं, यंदा कच्चं कोण कोण?" आणि बाई सांगायच्या. डॉक्टरला दुखणं सांगावं तसं मोकळेपणाने. अमक्याला अपूर्णांकच कळले नाहीत, तमकी घाबरते, लांबूला शब्दांची उदाहरणं वाचताच येत नाहीत, अक्षरं नाचतात म्हणतो. "याला एकट्याला घेऊन बसावं लागेल," बाई म्हणायच्या. आक्का मान हलवायची. "बघते मी काय करायचं ते."

पण का कोण जाणे, ती मुलं टिकायची नाहीत. कोणाचे पालक दुसरीकडे राहायला गेले, कोणाला म्हणे जवळची शाळा मिळाली. नववी संपता संपता दाखला घेऊन पोर निघून जायचं. बाई हळहळायच्या. लांबू गेला तेव्हा तर त्या चहा टाकून उठल्या होत्या. "अगं, मला भेटूनसुद्धा गेला नाही!"

"आईची नोकरी बदलली," आक्का म्हणाली. "जाऊ दे. पोरं कृतघ्नच असतात."

लांबूचा वर्ग दहावीत आल्यावर त्या मुलांना बाईंनी घरचा अभ्यास दिला: आपल्या आसपास दिसणारी एक टक्केवारी निवडा, आणि ती खरी साक्ष देते की खोटी, ते तपासा. मुलांनी काय काय आणलं. कोणी साबणाच्या वेष्टनावरचं नव्याण्णव टक्के जंतू मारण्याचं वचन आणलं, कोणी बॅटरीची जाहिरात. सगळ्यांत शेवटी एक मुलगी उठली. तिला वर्गात 'वकिलीण' म्हणत, कारण ती हरली तरी भांडण सोडायची नाही.

"बाई, मी आपल्या शाळेच्या फाटकावरची पाटी घेतली. 'दहावीचा निकाल शंभर टक्के, अखंड परंपरा.'"

"बरं. म्हणजे?"

"म्हणजे, बाई, कोणाचे शंभर? नववीत आमच्याबरोबर जे होते ते सगळे दहावीत कुठे आहेत? लांबू गेला. त्याच्या आधी माझी मावसबहीण गेली. तिला तर घरी बसवलं आणि बाहेरून परीक्षा द्यायला सांगितलं." ती क्षणभर थांबली. "मेंढपाळाने कळप मोजायच्या आधीच हरवणारं मेंढरू हाकलून दिलं, बाई. मग शंभर टक्के येणारच."

बाईंचा हात फळ्याजवळ अधांतरी राहिला. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी त्यांनी घसा कोरडा केला होता, ती गोष्ट एका पोरीने चोख करून दाखवली होती. शाबासकी द्यायची सोडून बाईंनी खडू खाली ठेवला.

"मी बघते," एवढंच त्या म्हणाल्या.

लांबूची आई एका मोठ्या धुलाईखान्यात कामाला होती. बाईंनी शोधून काढलं. नोकरी बदललेली नव्हती. कित्येक वर्षं ती तिथेच होती. आत वाफेने सगळं धूसर झालेलं, भिंतींना घाम फुटलेला, आणि टेबलावर इस्पितळाच्या चादरींचे डोंगर. लांबूच्या आईने बाईंना ओळखलं आणि तोंड फिरवलं. मग म्हणाली, "माझी जोडीदारीण आज आली नाही. बोलायचं असेल तर ते टोक धरा."

बाईंनी चादरीची दोन टोकं धरली. चादर ताणायची, मधोमध दुमडायची, चालत एकमेकींजवळ यायचं, टोकं द्यायची, पुन्हा मागे जायचं. दोनतीन चादरी अशा झाल्या.

"पोराला शाळेतून का काढलंत?" बाईंनी विचारलं.

"मी काढलं?" लांबूची आई चादर ओढून जवळ आली. दोघींच्या नाकांत आता वीतभर अंतर होतं. "बाई, तुम्हीच तर सांगितलंत ना मॅडमना, की हा पास व्हायचा नाही म्हणून? त्याला एकट्याला घेऊन बसावं लागतं, तो इतरांना मागे खेचतो. मॅडम म्हणाल्या, 'गणिताच्या बाईंचं मत आहे, माझा नाइलाज आहे.' पोरगं आठवडाभर जेवलं नाही. म्हणायचं, बाई म्हणाल्या का असं? दुसरं कोणीही म्हणालं असतं तर चाललं असतं त्याला."

बाईंच्या हातातून टोकं सुटली. चादर ओल्या फरशीवर पडली.

"मी असं..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. कारण 'एकट्याला घेऊन बसावं लागेल' हे शब्द त्यांचेच होते. फक्त ते मदतीसाठी दिले होते, आणि कोणीतरी त्यांची सुरी केली होती.

"मी त्याला शिकवायला मागत होते," अखेर त्या म्हणाल्या. "काढायला नाही."

लांबूच्या आईने खाली पडलेली चादर उचलली, परत धुवायच्या ढिगात टाकली, आणि बराच वेळ बाईंकडे पाहिलं. "तुमचा चेहराच सांगतोय," ती म्हणाली. "पण बाई, आता उशीर झाला."

दुसऱ्या दिवशी बाईंनी चहाच्या वेळी आक्काच्या खोलीचं दार लोटलं, पण त्या बसल्या नाहीत.

"माझ्या तोंडून काढून घेतलंस आणि त्या पोरांच्या मानेवर चालवलंस. दर वर्षी. माझंच नाव सांगून."

आक्काने ते नाकारलं नाही, आणि तेच बाईंना जास्त लागलं. ती थकल्यासारखी म्हणाली, "तुला वर्ग दिसतो. मला शाळा दिसते. पाटीवरचे शंभर खाली आले की नवीन मुलं येत नाहीत, मुलं आली नाहीत की विश्वस्त एक तुकडी बंद करतात, मग शिक्षक घरी बसतात. तू तरी राहिली असतीस का?"

"मग पाटीवर हेही लिही. माझ्या वर्गातल्या वकिलिणीला दिसलं ते, तुला दिसत नाही?"

आक्का उठली, बाईंचे दोन्ही हात हातात घेतले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं की नाही हे बाईंना पुढे कधीच ठरवता आलं नाही. "मला थोडा वेळ दे. पालकसभेत मी स्वतः उभी राहून सांगते. पाटी उतरवते, गेलेल्या मुलांना परत बोलावते. पण तोवर तुझ्या त्या वकिलिणीला आवर. तिने बाहेर बोंब मारली तर मला काहीच करता येणार नाही."

"शब्द?"

"शब्द काय मागतेस गं? एका छत्रीतून चाललोय आपण."

बाई विरघळल्या. वर्गात जाऊन त्यांनी मुलांना सांगितलं, "तुमचं म्हणणं बरोबर आहे. ते पालकसभेत मॅडम स्वतः सांगणार आहेत. तोवर बाहेर कोणी बोलू नका. मी शब्द देते." वकिलीण मान वाकडी करून ऐकत होती. "तुम्ही देताय ना शब्द? मग ठीक आहे," ती म्हणाली.

घरी त्यांनी यजमानांना सांगितलं. ते पाणीखात्यात मीटर वाचायचे. "आमच्याकडे कसं आहे," ते म्हणाले, "मीटर बंद पडलं की पाणी वापरलंच नाही असं धरतात. लोक मग मीटरच बंद पाडतात. तू सांभाळून राहा."

"आक्का आहे हो ती."

"म्हणून तर म्हणतोय."

पालकसभेला सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत विश्वस्त, मागे पालक, कडेला दहावीची मुलं पाणी द्यायला आणि खुर्च्या लावायला. माइकने एक शीळ घातली आणि आक्का बोलायला उभी राहिली. आवाज तोच, ऐकत राहावा असा. निकाल, खेळ, नवीन प्रयोगशाळा. बाई हात मांडीवर घट्ट धरून वाट पाहत होत्या. मग आक्काने आवाज खाली आणला.

"एक दुःखाची गोष्टही सांगायला हवी," ती म्हणाली, आणि बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. "आपण मुलांना शास्त्राच्या नजरेने जग बघायला शिकवतो. पण गेले काही दिवस एका वर्गात पवित्र वचनाचा उपयोग मुलांची मनं शाळेविरुद्ध, वडीलधाऱ्यांविरुद्ध फिरवण्यासाठी केला जातोय. कोवळी मनं आहेत. त्या भगिनीवर माझा राग नाही. ती माझी फार जुनी मैत्रीण आहे. ती थकली आहे. आपण सगळ्यांनी मिळून तिच्यासाठी प्रार्थना करूया."

आणि सगळं सभागृह मान खाली घालून उभं राहिलं.

केसाने गळा कापणं म्हणतात ते काय असतं, ते बाईंना त्या क्षणी कळलं. शिवी दिली असती तर त्यांनी उलट उत्तर दिलं असतं. पण देवाचं नाव घेऊन डोळे मिटलेल्या माणसांना अडवायचं कसं? आक्काचा आवाज त्यांच्यासाठी शांती मागत होता, विश्रांती मागत होता, सुबुद्धी मागत होता. बाईंनी डोळे मिटले नाहीत. समोर शेकडो वाकलेल्या माना, आणि भिंतीकडेला आणखी एकीचे डोळे उघडे: पाण्याचा तांब्या हातात धरून वकिलीण त्यांच्याकडे बघत होती.

सभा सुटल्यावर ती बोळकांडीत आडवी आली.

"बाई, तुम्ही शब्द दिला होतात."

"हो."

"म्हणजे?" ती म्हणाली. तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

रात्रभर त्यांनी आक्काला मनातल्या मनात नाही नाही ते ऐकवलं. सकाळी वर्गात मात्र त्या शांतपणे उभ्या राहिल्या. "मी तुम्हाला गप्प बसवलं," त्या म्हणाल्या. "मी चुकीच्या माणसावर विश्वास टाकला आणि त्याचा भुर्दंड तुम्हाला पडला. आता उदाहरण पुरं करू." मग मुलांकडूनच आकडे घेत त्यांनी हिशेब मांडला: नववीत किती होते, दहावीत किती बसले, पास किती. कोणाचं नाव घेतलं नाही. नावं सगळ्यांना पाठ होती. खरी टक्केवारी निघाली ती वाईटसुद्धा नव्हती. चारचौघांत सांगता येईल अशीच होती. वकिलीण पुटपुटली, "एवढ्यासाठी?"

दारात आक्का उभी होती. ती केव्हा आली, कोणी पाहिलं नाही. तिने फळा वाचला आणि ती निघून गेली.

तो बाईंचा मोठ्या मुलांवरचा शेवटचा तास ठरला. दुसऱ्याच आठवड्यात त्यांना पहिली-दुसरीच्या वर्गांवर पाठवलं; चिमुकल्यांना अशाच प्रेमळ बाई हव्यात, असं कारण. बाई एका वयस्क विश्वस्तांकडे गेल्या. ते वाईट गृहस्थ नव्हते. सगळं ऐकून म्हणाले, "तुमचं खरं असेल हो. पण झाकली मूठ आहे, बाई. ती उघडून मंडळीचं काय भलं होणार?" बाई म्हणाल्या, "मूठ मिटायला बोटं कोणाची मोडली ते तरी बघा." त्यांनी चहा विचारला. बाई न घेता निघाल्या.

लांबूला भेटायला त्या टायरच्या दुकानात गेल्या. तो पंक्चर काढत होता, हात काळे, अंगाने आणखी उंच. "आईने सांगितलं मला," तो खाली बघत म्हणाला. "तुम्ही तसं म्हणाला नव्हतात ते. बरं वाटलं, बाई."

"मी घरी शिकवीन तुला. बाहेरून परीक्षा दे."

त्याने ट्यूब पाण्यात दाबली, बुडबुडे कुठून येतात ते पाहिलं. "नको, बाई. शाळेच्या रस्त्याने मी आता जातसुद्धा नाही. रागावू नका."

बाई रागावल्या नाहीत. रागावण्याचा अधिकार असलेल्यांत आपण बसत नाही, असं त्यांना वाटलं. वकिलिणीची मावसबहीण मात्र आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्षभर बीजगणित मांडून बसली आणि पास झाली. तिचा निकाल कुठल्याच शाळेच्या पाटीवर धरला गेला नाही.

शाळेत पाटी नव्याने रंगवली गेली. शंभर टक्केच. आणि एकदा सकाळच्या प्रार्थनेला, पहिलीच्या पोरांची रांग सरळ करता करता, बाईंनी माइकवरून मेंढपाळाची गोष्ट ऐकली. आक्का सांगत होती, आणि फार सुंदर सांगत होती. तिच्या गोष्टीत मेंढरू सापडत होतं, खांद्यावर बसून घरी येत होतं, सगळे आनंद करत होते. बाईंनी एका पोराच्या बुटाची नाडी बांधायला घेतली आणि ती बांधून झाली तरी वर पाहिलं नाही.

त्यानंतरच्या एका रविवारी चर्चमधल्या उपासनेत प्रभुभोजन होतं, ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. पाळकांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, की ज्याच्या मनात कोणाविषयी काही असेल त्याने आधी ते मिटवावं आणि मगच पुढे यावं. बाकं एकेक करून रिकामी होऊ लागली. आक्का पुढच्या रांगेतून उठून गेली, गुडघे टेकले, भाकर घेतली. बाईंच्या बाकाची पाळी आली तेव्हा त्या बसून राहिल्या. लहानपणापासून त्या कधी बसून राहिल्या नव्हत्या. लोकांच्या माना वळल्या. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं, की यजमानही बसलेच आहेत.

"तुम्ही जा ना," त्या हळूच म्हणाल्या.

"माझ्या मनात तुझ्याहून जास्त आहे," ते म्हणाले. "आणि मी तर तिच्याबरोबर कधी छत्रीतही नव्हतो."

बाईंना हसू आलं आणि त्याच हसण्यातून रडू. त्यांनी पदराने तोंड दाबलं. मधल्या वाटेने आक्का परत येत होती. त्यांच्या बाकाशी ती थांबली, बाकाच्या पाठीवर हात ठेवला, आणि कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हलक्या आवाजात म्हणाली, "अजून?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. केस पांढरे झाले होते, चेहरा उतरला होता. दुसऱ्या कोणाचा असता तर त्यांना कळवळा आला असता.

"अजून," त्या म्हणाल्या.

आक्काने हात काढून घेतला आणि ती आपल्या जागेवर गेली. बाकाच्या पलीकडच्या टोकाची माणसं परत येऊ लागली होती. बाईंनी पाय आखडून घेतले आणि त्यांना आत जायला वाट दिली.